गोळी घेतल्यावर साक्षी कोण? विज्ञान कादंबरीतल्या नशेची पार्श्वभूमी

विज्ञान कादंबरीतल्या पात्राने गोळी घेतली की वाचकाने एक गोष्ट लगेच तपासावी: शुद्धीत राहून हे सगळं पाहणारं कोणी उरलंय का? वेदान्तात ज्याला साक्षी म्हणतात, तो. नशा, ओळख आणि वास्तव यांवरच्या कादंबऱ्यांचा इतिहास पाहिला तर हा साक्षी हळूहळू कथेतून बाहेर पडत गेलेला दिसतो.

सुरुवात १८८६ मध्ये आलेल्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या डॉ. जेकिल आणि मिस्टर हाइडपासून धरता येते. त्यात सभ्य डॉक्टर जेकिल एक औषध पिऊन दुष्ट हाइड होतो, आणि पुन्हा तेच पिऊन जेकिल. त्यातला रसायनाचा तपशील मुद्दाम पाहावा असा आहे. तांबूस द्रवात भुकटी पडते, मिश्रण फसफसतं, गडद जांभळं होतं आणि मग सावकाश पाणीदार हिरवं. हा दुसरा रंग आला तरच औषध लागू पडतं. भुकटी संपल्यावर जेकिल नवी मागवतो, तेव्हा मिश्रण फसफसतं, पहिला रंग पालटतो, दुसरा मात्र येतच नाही. सारं लंडन पालथं घालूनही तसा माल मिळत नाही. शेवटी त्याला उमगतं की नव्या भुकटीत काही खोट नव्हती. पहिली खेपच अशुद्ध होती, आणि सगळा गुण त्या अनोळखी भेसळीचा होता. माणूस दुभंगण्यामागे असं फुटकळ, पुन्हा न मिळणारं कारण ठेवणं ही फार मोठी कल्पकता होती. पण इथे साक्षी शाबूत आहे. डॉ. लॅनियन समोर बसून ते रूपांतर पाहतो, वकील अटरसन कागद वाचतो. दुभंगतो तो एक माणूस. खोली आणि शहर जागच्या जागी राहतात.

ऑल्डस हक्सलेने १९३२ मध्ये 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये हा पदार्थ सरकारच्या हाती दिला. नाव त्याने ऋग्वेदातून उचललं. तिथे नववं मंडल, म्हणजे ११४ सूक्तं, सोमासाठी आहे. फरक एवढाच की वेदातला सोम कुटून, पिळून, गाळून घ्यायचा रस आहे, आणि हक्सलेचा सोमा मोजून वाटलेली गोळी. अर्धा ग्रॅम अर्ध्या दिवसाच्या सुटीला, एक ग्रॅम शनिवार-रविवारला, दोन ग्रॅम पूर्वेच्या सफरीला, तीन ग्रॅम चंद्रावरच्या अंधाऱ्या अनंतकाळाला. डोस म्हणजे रजेचा तक्ताच. दंगा झाला की पोलीस त्याचीच वाफ जमावावर सोडतात. या जगाबाहेर वाढलेला जॉन गोळ्या खिडकीबाहेर फेकतो आणि वाचक त्याच्या शेजारी उभा राहतो. स्वीडिश लेखिका कारिन बोये यांची 'कालोकेन' (१९४०) उलट बाजूने येते. तिथलं इंजेक्शन भास घडवत नाही, मनातलं खरं बोलायला लावतं, म्हणजे माणसाचा शेवटचा खासगी कोपराही राज्याच्या ताब्यात जातो. भास घडवणाऱ्या पदार्थांच्या गर्दीत हे पुस्तक मागे पडतं याचं वाईट वाटतं.

मग प्रयोगशाळेतून एक आकडा आला आणि कल्पनेचा आवाकाच बदलला. १९ एप्रिल १९४३ रोजी बाझेलमध्ये सँडोझ कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी स्वतः बनवलेलं एलएसडी हे भास घडवणारं रसायन घेतलं. सावधपणे, अगदी कमी म्हणून त्यांनी घेतलेला डोस होता २५० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा चौथा हिस्सा. तोही बराच जास्त निघाला. तुलनेसाठी, दहा वर्षांनी हक्सलेने मेस्कॅलिन हा निवडुंगातला भास घडवणारा पदार्थ घेतला तो डोस ४०० मिलिग्रॅम होता. जो पदार्थ इतक्या सूक्ष्म प्रमाणात काम करतो, तो कोणाच्या नकळत नळाच्या पाण्यात किंवा हवेत मिसळता येईल, हा विचार कादंबरीकारांना न सुचता तरच नवल. ब्रायन ऑल्डिसच्या 'बेअरफूट इन द हेड'मध्ये (१९६९) युरोपवर भ्रम पसरवणारे बॉम्ब पडलेले आहेत आणि वाक्यरचनाच विस्कटत जाते. स्टानिस्लाव लेमच्या 'द फ्युचरोलॉजिकल काँग्रेस'मध्ये (१९७१) इयोन तीखी हॉटेलातल्या नळाचं पाणी पितो आणि त्याच्या मनात सगळ्या जगाबद्दल अकारण माया दाटून येते. गोळी घ्यायचं त्याने ठरवलेलंच नाही, त्यामुळे आपण आता भानावर आलो असं तो म्हणतो तेव्हा विश्वास ठेवायला आधार उरत नाही.

या परंपरेच्या मध्यभागी अमेरिकन विज्ञान कादंबरीकार फिलिप के. डिक (१९२८–१९८२) आहे, आणि त्याच्याबद्दलचा एक गैरसमज दूर करायला हवा. त्याच्या कादंबऱ्यांना सरसकट एलएसडीच्या कादंबऱ्या म्हटलं जातं. प्रत्यक्षात लिहिण्याच्या टेबलावर होतं ते ॲम्फेटामिन: झोप उडवणारं, हात भराभर चालवणारं. त्याचा दुसरा परिणाम वैद्यकाला माहीत होता. १९५८ मध्ये लंडनचे मनोविकारतज्ज्ञ फिलिप कॉनेल यांनी ४२ रुग्णांवरून दाखवलं की ॲम्फेटामिनमुळे शुद्ध हरपत नाही, पण कोणीतरी आपल्या मागावर आहे ही खात्री पक्की होते. दिवस, ठिकाण, नाव सगळं ठाऊक, आणि तरी भिंतीला कान फुटलेले. डिकच्या पात्रांची अवस्था नेमकी हीच. ती धुंदीत तरंगत नाहीत. टक्क जागी असतात, हिशेब मांडतात, आणि हिशेब जुळत नाही.

'द थ्री स्टिग्माटा ऑफ पामर एल्ड्रिच' (१९६५) जवळून पाहू. मंगळावर सक्तीने पाठवलेले वसाहतकार जमिनीखालच्या कोंदट घरांत राहतात. त्यांच्याकडे पर्की पॅट नावाच्या बाहुलीचा संसार असतो: छोटं घर, छोटी गाडी, छोटे कपडे. कॅन-डी नावाचा नशेचा पदार्थ चघळला की बायका पर्की पॅटच्या आत जातात आणि पुरुष तिच्या मित्राच्या, वॉल्टच्या. एकाच बाहुलीत अनेक जण एकदम शिरतात आणि समुद्रावर जायचं की नाही यावरून आतल्या आत वाद घालतात. बाहुलीचं सामान कायदेशीर, कॅन-डी बेकायदेशीर, आणि दोन्हींचा विक्रेता एकच, लिओ ब्युलेरो. इथवर परतीची वाट आहे: असर ओसरला की पुन्हा तेच कोंदट घर. मग पामर एल्ड्रिच दुसऱ्या सूर्यमालेतून च्यू-झी हा नवा पदार्थ आणतो. त्याला बाहुली लागत नाही. त्यातून बाहेर आल्यासारखं वाटतं तेही आतलंच असू शकतं, आणि भेटेल त्या माणसावर एल्ड्रिचच्या तीन खुणा उमटू लागतात: यांत्रिक हात, कृत्रिम डोळे, पोलादी दात. साक्षीची जागा इथे पहिल्यांदा खऱ्या अर्थाने रिकामी होते. मधल्या एखाद्या पानावर बोट ठेवून "इथे तो शुद्धीत आला" असं वाचकाला म्हणता येत नाही.

त्यानंतर काळ कडक झाला. ६ ऑक्टोबर १९६६ पासून कॅलिफोर्नियात एलएसडी बेकायदेशीर ठरलं आणि १९७० मध्ये अमेरिकेचा नियंत्रित पदार्थांचा केंद्रीय कायदा आला. कादंबऱ्यांत संशोधक आणि डॉक्टर मागे पडले, विक्रेता, खबऱ्या आणि पोलीस पुढे आले. डिकची 'अ स्कॅनर डार्कली' (१९७७) याच वातावरणातली. बॉब आर्क्टर हा नशेबाजांत मिसळलेला गुप्त पोलीस. कचेरीत तो फ्रेड या नावाने, स्क्रँबल सूट घालून वावरतो. या सूटच्या स्मृतीत माणसांच्या चेहऱ्यामोहऱ्याचे पंधरा लाखांपर्यंत तुकडे साठवलेले असतात आणि ते सतत पालटत राहतात, त्यामुळे वरिष्ठांनाही आत कोण आहे ते कळत नाही. फ्रेडला काम मिळतं ते आर्क्टरवर नजर ठेवायचं. आपल्याच घरात बसवलेल्या यंत्रांचं चित्रण तो तासन्‌तास पाहतो. दरम्यान तो घेत असलेला सबस्टन्स डी हा नशेचा पदार्थ मेंदूच्या दोन अर्धगोलांत स्पर्धा लावून देतो. हा धागा हवेतला नाही. अपस्मारावरचा इलाज म्हणून दोन अर्धगोलांमधला जोड कापलेल्या रुग्णांवर रॉजर स्पेरी आणि मायकेल गझानिगा यांनी १९६० च्या दशकात काम केलं होतं; स्पेरींना १९८१ मध्ये नोबेल मिळालं. कादंबरीत फ्रेड पडद्यावरच्या आर्क्टरला परका मानू लागतो, तो क्षण नेमका कोणता हे दाखवता येत नाही, इतकं ते सावकाश होतं. साक्षी आहे, रात्रंदिवस पाहतो आहे, आणि ज्याला पाहतोय तो आपणच आहोत हे त्याला उमगत नाही. पुस्तकाच्या शेवटी डिकने मेलेल्या आणि कायमच्या अधू झालेल्या मित्रांची यादी दिली आहे. तीत फिल हे स्वतःचं नावही आहे, स्वादुपिंडाच्या कायमच्या इजेसह.

इतरांनी अनुकरण केलं तेव्हा बहुतेकदा एकच चूक झाली: पदार्थाला नियम दिले नाहीत. काहीही घडू शकत असेल तर काही बिघडलं हे कळणार कसं? जेफ नूनच्या 'व्हर्ट'मध्ये (१९९३) नियम चोख आहेत. रंगीत पीस तोंडात घातलं की माणूस भासाच्या जगात शिरतो. निळं कायदेशीर, काळं चोरट्या बाजाराचं, आणि पिवळ्यातून झटका देऊन बाहेर पडता येत नाही. आत काही हरवलं तर त्याच मोलाचं काहीतरी बाहेर येतं. नायकाची बहीण आत राहिली आणि तिच्या बदल्यात एक अनोळखी, लिबलिबीत जीव घरी आला. तो जीव सांभाळून ठेवणं भाग आहे, कारण परत देवघेव करायला तोच हवा.

ग्रेग ईगनच्या 'क्वारंटाइन'पर्यंत (१९९२) रसायनाची जागा मेंदूतल्या जोडण्या बदलणाऱ्या यंत्रणेने घेतलेली असते. नायक निकच्या डोक्यात एका गुप्त संघटनेबद्दल निष्ठा बसवली जाते. भास नाही, गुंगी नाही, विस्मरणही नाही. निष्ठा बाहेरून बसवलेली आहे हे त्याला पूर्ण ठाऊक असतं, ती कोणी आणि का बसवली हेही. साक्षी जागा आहे आणि त्याला सगळं स्पष्ट दिसतं आहे. तरीही दुसऱ्या दिवशी तो कामावर हजर होतो, कारण ती काढून टाकावी अशी इच्छाच त्याला होत नाही.