जिल्हा परिषद शाळांचा कारभार आणि सामायिक सुविधांचा प्रश्न : पार्श्वभूमी

वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांतील मुलांना एकत्र आणून 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव पाठवा, असे पत्र राज्याच्या शिक्षण आयुक्तालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये क्षेत्रीय अधिकाऱ्यांना पाठवले आणि गावोगावी चर्चेला तोंड फुटले. सुविधा एकवटल्या तर मुलांना प्रयोगशाळा, ग्रंथालय, मैदान, खेळगडी सारे मिळेल, असे समर्थन एका बाजूने झाले. दुसऱ्या बाजूने वाडीवरची शाळा बंद पडेल, ही भीती होती. हा वाद मात्र एका पत्रापुरता नाही. शाळेसाठी पैसा कोणी द्यायचा, तिचा कारभार कोणी पाहायचा आणि तिच्या सोयी कोणी वाटून घ्यायच्या, हे तीन प्रश्न महाराष्ट्रात दीडशे वर्षांहून अधिक काळ वेगवेगळ्या हातांत राहिले आहेत.

मुंबई इलाख्यात १८६३ पासून शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा स्थानिक उपकर बसवला गेला आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी राखला गेला. ग्रामीण शाळांचा हा पहिला खात्रीचा पैसा होता आणि तो सर्वस्वी शेतकऱ्याच्या खिशातून येत होता. ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे ऑक्टोबर १८८२ मध्ये सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी नेमके यावरच बोट ठेवले. रयतेच्या करातून उभा राहणारा पैसा रयतेच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर पुरेसा खर्च होत नाही, हे त्यांनी सांगितले आणि किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. त्याच निवेदनातील आणखी एक मुद्दा आज कमी आठवला जातो : मोठ्या शहरांतील प्राथमिक शाळांचा खर्च नगरपालिकांनी उचलावा, पण त्यांचे व्यवस्थापन संपूर्णपणे नगरपालिकांच्या हाती सोपवू नये, देखरेख शिक्षण खात्याचीच असावी. स्थानिक कारभार म्हणजे आपोआप बहुजनांच्या हिताचा कारभार, असे जोतीरावांनी गृहीत धरले नव्हते, ही गोष्ट पुढचा इतिहास वाचताना ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१८८४ च्या कायद्याने जिल्हा व तालुका लोकल बोर्डे स्थिरावली आणि ग्रामीण शाळा त्यांच्याकडे गेल्या. सक्तीच्या शिक्षणाची वाट मात्र आधी संस्थानांनी दाखवली. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये आणि कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये त्या दिशेने पावले टाकली. ब्रिटिश मुलुखातील मुंबई इलाख्यात १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार जवळजवळ पूर्णपणे स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे सोपवला. शिक्षकांच्या नेमणुका आणि बदल्या स्थानिक राजकारणाचे हत्यार बनल्याच्या तक्रारी लवकरच वाढल्या. १९३८ च्या दुरुस्तीने सरकारने काही अधिकार परत घेतले आणि १९४७ च्या कायद्याने हा तोल आणखी सरकारकडे झुकवला. पंधरा वर्षांत अधिकार खाली देऊन पुन्हा वर ओढण्याचा हा पहिला मोठा फेरा होता.

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर आधारलेल्या १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शिक्षण हे त्यांचे सर्वांत मोठे खाते ठरले. सदस्यांची शिक्षण समिती आणि तिचा सचिव म्हणून शिक्षणाधिकारी, अशी ही रचना होती. शिक्षकांचे पगार राज्याच्या अनुदानातून होत, पण क्रीडा स्पर्धा, शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी, शाळाखोल्यांची डागडुजी यांसाठी जिल्हा परिषदेचा स्वतःचा सेस फंड, म्हणजे उपकरासारख्या स्वतःच्या उत्पन्नातला निधी, उपयोगी पडे. रक्कम तुलनेने लहान असली, तरी जिल्ह्याला स्वतःच्या मनाने काही करून पाहण्याची मोकळीक याच निधीत होती.

सुविधा वाटून घेण्याची कल्पना याच दशकातली. केंद्र सरकारने नेमलेल्या कोठारी शिक्षण आयोगाने (१९६४-६६) 'शाळा संकुला'ची, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटाची, शिफारस केली. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे. खेड्यातील एकाकी शाळेची अडचण त्यांना कागदावरून समजून घ्यावी लागली नव्हती. परिसरातील एक माध्यमिक शाळा मध्यवर्ती मानावी, आसपासच्या प्राथमिक शाळा तिच्याशी जोडाव्यात. प्रोजेक्टर आणि तो चालवायला जनित्र मध्यवर्ती शाळेत ठेवून तो शाळाशाळांत फिरवावा, सुटीच्या दिवशी प्राथमिकच्या मुलांना प्रयोगशाळेत आणावे, पुस्तकांच्या पेट्या फिरत्या ठेवाव्यात, असा तो आराखडा होता. त्यात साहित्य फिरते, मूल अधूनमधून जाते आणि प्रत्येक शाळा आपल्या गावात राहते. शिवाय खात्याचे काही अधिकार या संकुलाकडे द्यावेत, हा शिफारशीचा तितकाच महत्त्वाचा भाग होता. अंमलबजावणीत नेमका तोच गळाला.

महाराष्ट्रात १९९४ मध्ये केंद्रशाळा योजना आली. साधारण दहा शाळांचे एक केंद्र आणि त्यावर एक केंद्रप्रमुख, या हिशेबाने राज्यभर ४,८६० केंद्रे ठरली. या योजनेने खेड्यातल्या मुलांना काय दिले, हे पाहायचे तर केंद्रस्तरीय क्रीडा स्पर्धांच्या मैदानावर जावे. चुन्याने आखलेली खो-खोची पाटी, लेझीमचे पथक, दोन-तीन शाळांनी मिळून उभा केलेला कबड्डीचा संघ आणि तिथून बीट (काही केंद्रांचा गट), तालुका, जिल्हा अशी चढत जाणारी पायरी. बारा पटाच्या शाळेतल्या मुलीला दुसऱ्या शाळेच्या मुलींशी बरोबरीने खेळण्याची संधी अशा मैदानावर मिळते. शिक्षकांच्या शिक्षण परिषदाही केंद्रातच भरतात. पण केंद्राला स्वतःचे आर्थिक अधिकार कधी मिळाले नाहीत. केंद्रप्रमुख माहिती गोळा करून वर पाठवणारा दुवा झाला आणि त्यांची अनेक पदे वर्षानुवर्षे रिक्त राहिली.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने गावपातळीवर शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, आणि शाळेचा विकास आराखडा तिने करावा, ही तरतूद मोलाची आहे. त्याच वेळी वरच्या बाजूला मात्र उलटी हालचाल चालू होती. २०१७ च्या शासन निर्णयानंतर जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या राज्यस्तरीय संगणक प्रणालीतून होऊ लागल्या. वशिलेबाजी रोखण्यासाठी त्याची गरज होती, हे मान्य करावेच लागते. पण जिल्ह्याच्या शिक्षण समितीकडे त्यानंतर ठरवण्यासारखे आणखी थोडे उरले. २०२२ पासून तर निवडणुका रखडल्याने बहुतेक जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती गेल्या आणि शिक्षण समित्याच उरल्या नाहीत.

समूह शाळांचे पत्र आले ते याच काळात. पानशेत (जि. पुणे) आणि तोरणमाळ (जि. नंदुरबार) येथील प्रयोग त्यात नमुना म्हणून दिले होते. तोरणमाळसारख्या डोंगरी भागात निवासी सोयीसह शाळा उभी राहिली तर मुलांचा फायदा होऊ शकतो, यात शंका नाही. तरीही राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील शाळा संकुल आणि ही समूह शाळा यांना एकाच मापाने मोजणे चुकीचे आहे. धोरण कोठारी आयोगाचा हवाला देऊन शाळांचा गट बांधायला सांगते, गटाचा विकास आराखडा शाळा व्यवस्थापन समित्यांना सोबत घेऊन करायला सांगते. पत्रातील समूह शाळेत मुले एका इमारतीत आणली जातात आणि मूळ शाळेबरोबर तिची समितीही संपते. राज्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी. अंतर वाढले तर वाहनाची सोय करावी लागते. ते वाहन पावसाळ्यात वाडीपर्यंत येईल का आणि आले नाही तर दाद कोणाकडे मागायची, हे विचारण्याचा अधिकार असलेली पालकांची समितीच त्या वाडीत राहत नाही.