बाळंतपणानंतरचे अदृश्य रहिवासी

मराठवाड्यातील खेड्यांत ‘अंगावरून पांढरं जातंय’ ही तक्रार गरोदर बाई बहुधा आशाताईंपाशी सांगते, आणि तीही घरातले पुरुष उठून गेल्यावर. स्रावाला दुर्गंधी नसेल, खाज वा जळजळ नसेल, तर गरोदरपणात तो वाढणे हा आजार नव्हे; तो वाढलेल्या इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा परिणाम असतो, आणि याच इस्ट्रोजेनवर योनीमार्गातल्या जिवाणूंचेही पोट चालते.

इस्ट्रोजेनमुळे योनीच्या अस्तरातील पेशींत ग्लायकोजेन (साठवणीची शर्करा) साठते. पेशी गळून पडल्या की विकरे त्याची साधी शर्करा करतात, लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू ती खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात, आणि विरजलेल्या दुधाप्रमाणे इथलाही सामू (पीएच; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) उतरून साधारण ३.५ ते ४.५ वर येतो, ज्यात बहुतेक उपद्रवी जंतूंना वाढता येत नाही. (दह्यातल्या प्रजाती मात्र वेगळ्या असतात, त्यामुळे दही खाऊन ही वस्ती वाढेल असे मानू नये.) हे जिवाणू जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ अल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ मध्येच वर्णिले होते.

आतड्यात जिवाणूंचे वैविध्य चांगले मानले जाते. योनीमार्गात बहुधा उलटे असते. गरोदरपणात वार भरपूर इस्ट्रोजेन पुरवत असल्याने लॅक्टोबॅसिलसांचे वर्चस्व वाढते आणि वस्ती स्थिर होते. तरीही हा नियम सरसकट लावता येत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, कोणताही त्रास नसलेल्या ३९६ स्त्रियांपैकी सुमारे चौथा हिस्सा स्त्रियांमध्ये मिश्र वस्ती आढळली होती.

बाळंतपणात वार पडली की इस्ट्रोजेन एकदम कोसळते, अंगावरून जाणाऱ्या रक्ताने आम्लता घटते, लॅक्टोबॅसिलस कमी होतात आणि प्रिव्होटेलासारखे, प्राणवायूविना जगणारे जिवाणू वाढतात. सव्वा महिन्यात शरीर पूर्वपदावर येते ही आपली समजूत या जिवाणूंना लागू पडत नाही, कारण काही स्त्रियांमध्ये हा बदल वर्षभर टिकलेला दिसला आहे. दोन बाळंतपणांत फार कमी अंतर असल्यास दुसरे मूल अपुऱ्या दिवसांचे जन्मण्याचा धोका वाढतो, त्यामागे हेही एक कारण असावे असे संशोधकांना वाटते. बाळंतिणीने जंतुनाशक किंवा कडुलिंबाचे पाणी आत सोडून धुऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बाहेरून साध्या पाण्याने धुणे पुरेसे असते.

विषाणूंचा विचार आपण संसर्ग म्हणूनच करतो, पण इथले अनेक विषाणू माणसाला नव्हे, जिवाणूंना ग्रासतात. काही तर लॅक्टोबॅसिलसच्याच जनुकसंचात दडून बसतात आणि पेशीवर ताण आला की जागे होऊन तिला फोडून बाहेर पडतात. चांगली वस्ती अचानक ढासळते तेव्हा यांचा हात असतो का, यावर संशोधन चालू आहे.

माणसाला बाधणाऱ्यांत एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा विषाणू) महत्त्वाचा. बहुतेक वेळा दोनेक वर्षांत तो आपोआप जातो, आणि लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस ही प्रजाती प्रबळ असलेल्या स्त्रियांत तो कमी टिकतो असे दिसते. जो वर्षानुवर्षे टिकतो, त्यातून गर्भाशयमुखाचा कर्करोग होऊ शकतो. हा विषाणू शोधणाऱ्या चाचणीच्या उपयोगाचा एक मोठा पुरावा मराठवाड्यातलाच आहे: तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर झालेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत, जवळपास निम्म्यावर आले.

शेजारच्या बीड जिल्ह्यात मात्र २०१९ च्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पांढरे जाते म्हणून दवाखान्यात गेलेल्या कितीतरी बायांना कर्करोगाची भीती घालण्यात आली होती. त्या भीतीची शहानिशा तपासणीने होते, गर्भाशय काढून नव्हे. आणि दुर्गंधी, ताप, ओटीपोटात दुखणे किंवा हिरवट-पिवळा स्राव असेल, तर बाळंतिणीने सव्वा महिना संपण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.