बॅटरीची भीती आणि सीएनजीचा हिशोब

‘इलेक्ट्रिक गाडी घेऊ नका, चार वर्षांत बॅटरी बदलावी लागते, त्यापेक्षा सीएनजी परवडते.’ हे वर्षानुवर्षं फिरतंय, पण खरं नाही. भारतातल्या बऱ्याच इलेक्ट्रिक कारच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी मिळते. क्षमता हळूहळू घटते, बॅटरी एकदम मरत नाही. उलट सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने टाकीची तपासणी) करावीच लागते, हे कुणी सांगत नाही.

आता खर्च. सीएनजी ८० रुपये किलो आणि अ‍ॅव्हरेज २५ धरलं, तर किलोमीटरला ३.२० रुपये. घरच्या मीटरवर १० रुपये युनिट आणि चार्जिंगमधली गळती धरून युनिटला सव्वासहा किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला १.६० रुपये. निम्मा! पण इलेक्ट्रिक गाडी दोन लाखांनी महाग पडली, तर ते वसूल व्हायला सव्वा लाख किलोमीटर लागतात. रोज ठाणे-पुणे करणाऱ्याला हे सहज जमेल. फक्त रविवारी गाडी काढणाऱ्याला नाही.

आणि सोसायटीत चार्जिंग पॉइंटच नसेल, तर बाहेरच्या फास्ट चार्जरवर २० रुपये युनिटने पुन्हा ३.२० रुपयेच. त्यामुळे बुकिंगआधी पार्किंगमधली मीटरची जोडणी पक्की करा.