व्हिसा लागत नाही, तरी काउंटरवरून परत: गोव्यातून बेटांवर सुट्टीला जाणाऱ्यांसाठी

मालदीवला आधी व्हिसा काढावा लागत नाही, मॉरिशसला लागत नाही, सेशेल्सला तर कुणालाच लागत नाही. ही तिन्ही वाक्ये खरी आहेत. फोंड्यात माझ्या टेबलासमोर बसून डोळे पुसलेल्या बहुतेक जोडप्यांची गोष्ट याच वाक्यांपासून सुरू झाली होती.

व्हिसा लागत नाही म्हणजे आगाऊ अर्ज करून शिक्का आणावा लागत नाही, एवढेच. अटी आहेत तिथेच राहतात, तपासणारा माणूस तेवढा बदलतो. दूतावासातला बाबू दिवसाउजेडी बघायचा ते आता मुंबई विमानतळावर एअरलाइनच्या काउंटरवरचा पोरगा बघतो, पहाटे तीनला, मागे लांबलचक रांग असताना. प्रवाशाला तिकडे उतरू दिले नाही तर त्याला परत आणण्याचा भुर्दंड एअरलाइनवर पडतो. म्हणून शंका आली की तो नाही म्हणतो, आणि त्याच्याशी भांडून विमानात चढलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पासपोर्ट: सहा महिने कुठून मोजायचे

सहा महिने वैधता हवी हे सगळ्यांना ठाऊक असते. कुठल्या दिवसापासून, हे मात्र जो तो आपल्या सोयीने मोजतो. इंडोनेशिया, म्हणजे बाली, उतरण्याच्या दिवसापासून मोजते. बुकिंग केले त्या दिवशी सात महिने होते, हे तिथे कुणी ऐकत नाही. मालदीवचा स्वतःचा नियम याहून सैल आहे, पण काउंटरवर तोच हट्ट धरला जातो असा अनुभव आहे. मी सरळ परतीच्या तारखेपासून सहा महिने मोजायला सांगतो. जास्त भरले म्हणून कुणी अडवत नाही.

अडकतात ती मुले. आई-बापाचा पासपोर्ट दहा वर्षांचा, मुलाचा पाच वर्षांचा. दोघेही आपला पासपोर्ट उघडून बघतात, समाधानाने मिटतात आणि मुलाचा उघडतच नाहीत. मे महिन्याची सुट्टी ठरली असेल तर जानेवारीतच घरातले सगळे पासपोर्ट टेबलावर काढा. पणजीच्या पाटोवरच्या पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट सुट्टीच्या तोंडावर शोधायला बसलात तर काय होते, ते सांगायला नको.

बाळाचा पासपोर्ट काढायचा असेल तर जन्मदाखला आधी नीट वाचा. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो, दुसरे काही नाही. आपल्याकडे बारशाआधीच जन्माची नोंद होऊन जाते, आणि दाखल्यावर नावाची जागा कोरी राहते. तो दाखला कपाटात जातो, नंतर पासपोर्टच्या दिवशीच बाहेर येतो. बिननावाच्या दाखल्यावर पासपोर्ट होत नाही. जन्म नोंदवला तिथे, पंचायतीत किंवा पालिकेत, जाऊन नाव घालून घ्या. पहिल्या बारा महिन्यांत त्याला पैसे पडत नाहीत. नंतर शुल्क आहे, पण पंधरा वर्षांपर्यंत दार उघडे असते.

आता बोटीवरच्या बापाचा प्रश्न. मुलाच्या अर्जाला दोन्ही पालकांच्या सह्यांचे परिशिष्ट ‘डी’ लागते. गोव्यात निम्म्या वेळा बाप बोटीवर नाहीतर आखातात. आखातात असेल तर तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित शपथपत्र येऊ शकते. बोटीवर कुठला दूतावास? व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या सहीचा फोटो घेऊन आलेल्या बायका मी बघितल्या आहेत. चूक त्यांची नव्हती, त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. तो घरी रजेवर असताना अर्ज भरा आणि सही तेव्हाच घ्या. पुढची रजा येईपर्यंत मूल वर्गाने पुढे गेलेले असते.

आणि आपला पाऊस. चार महिने कपाटात पडलेल्या पासपोर्टच्या पानांना बुरशी धरते, फोटोवरचा पापुद्रा सुटतो, कडा फुगतात. आपल्याला तो ‘जरासा ओला झालेला’ वाटतो, पण बालीच्या दृष्टीने तो खराब पासपोर्ट असतो आणि ते लोक याबाबतीत फार कडक आहेत. शंका असेल तर री-इश्यूचा अर्ज करा. इस्त्री फिरवू नका. हसू नका, फिरवून आणलेला आहे.

नवी नवरी, जुने नाव

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात. लग्न ठरते, हनिमूनचे तिकीट नवरा काढतो आणि हौसेने बायकोचे नाव नव्या आडनावासह घालतो. काही घरांत तर लग्नात पहिले नावही बदलतात. पासपोर्टवर मात्र माहेरचेच नाव असते. नियम एका ओळीचा आहे: तिकिटावर, हॉटेलात आणि प्रत्येक ऑनलाइन फॉर्मवर तेच नाव, जे पासपोर्टवर छापले आहे. वडिलांचे नाव मध्ये असेल तर तेही, त्याच स्पेलिंगने. माहेरच्या नावाने प्रवास करण्यात काहीही बेकायदा नाही. सासूला वाईट वाटेल, तेवढे सोसा.

‘मग पासपोर्टच बदलून घेतो’ म्हणणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न असतो: दुसरी सही झाली का? गोव्यात देवळात लग्न झाले, मंगेशीला अक्षता पडल्या, तरी कायद्याने लग्न नोंदले जाते ते सिव्हिल रजिस्ट्रारकडे, दोन खेपांत. पहिल्या खेपेला लग्नाचा इरादा जाहीर करायचा, मग नोटीस लागते, आणि तिची मुदत संपल्यावर साक्षीदारांसह दुसरी सही. पहिल्या सहीचा कागद हा लग्नाचा दाखला नव्हे. तो पासपोर्टच्या काउंटरवर पुढे करून ‘हाच तो’ म्हणणारे जोडपे दर हंगामात एक तरी भेटते. आडनाव लग्नाच्या दाखल्यावर बदलता येते. पहिले नाव बदलणे ही वेगळीच भानगड आहे, त्यासाठी १९९० चा गोव्याचा नाव आणि आडनाव बदल कायदा आहे आणि त्याची पायपीट हनिमूनच्या घाईत उरकत नाही. आधी जाऊन या, नाव मग बदला.

याच दाखल्याची आणखी एक गंमत. हनिमूनवाल्यांना केक, जेवण, खोलीच्या भाड्यात सूट असे काहीबाही देणारी अनेक रिसॉर्टे त्यासाठी लग्नाचा दाखला मागतात, तोही ठरावीक महिन्यांच्या आतला. दुसरी सही राहिली असेल तर केकही राहिला.

आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांचे कागद वेगळ्या डोळ्याने बघा. १९६१ च्या आधी जन्मलेल्यांची नोंद रजिस्ट्रारच्या पोर्तुगीज बुकात. तिथला नाईक ‘क्यू-यू-ई’ने संपतो, शंकर ‘एक्स’ने सुरू होतो, कामत ‘सी’ने. आधारवर मात्र सगळे इंग्रजी शाळेच्या स्पेलिंगने. पासपोर्ट आधीच हातात असेल तर काहीच छेडू नका, त्यावर आहे तेच नाव सगळीकडे वापरा. नव्याने काढायचा असेल तर वर्षभर आधी लागा. साठीच्या पुढच्यांना नव्या अर्जाच्या शुल्कात १० टक्के सवलत मिळते, तेवढाच दिलासा.

दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर इसीआरचा शिक्का असू शकतो, म्हणजे ठरावीक देशांत जाण्याआधी सरकारी परवानगी तपासायची खूण. इंडोनेशिया त्या देशांच्या यादीत आहे, त्यामुळे बालीला निघालेल्याला मुंबईत प्रश्न विचारले जातात. ती परवानगी नोकरीसाठी जाणाऱ्यांना लागते, पर्यटकाला नाही. परतीचे तिकीट आणि हॉटेलचे बुकिंग छापील प्रतीत हातात ठेवा आणि शांतपणे उत्तर द्या.

कोणत्या बेटाला काय

मालदीव: उतरल्यावर मोफत परवानगी. त्यासाठी परतीचे तिकीट आणि हॉटेलचे पक्के बुकिंग हवे. ‘इमुगा’ नावाचा ऑनलाइन फॉर्म विमान सुटण्याच्या आधीच्या ९६ तासांत भरायचा असतो. इथे शिस्तीची माणसे फसतात. पंधरा दिवस आधी भरून मोकळे व्हायला जातात आणि फॉर्म स्वीकारलाच जात नाही. परतीच्या वेळी तो पुन्हा भरायचा आहे, हे कुणी सांगत नाही. शिवाय रिसॉर्टमध्ये जानेवारी २०२५ पासून दर माणशी दर दिवशी १२ डॉलर ग्रीन टॅक्स आहे. पॅकेजमध्ये तो धरला आहे का, ते लेखी विचारा. आणि सीप्लेनने जायचे रिसॉर्ट असेल तर माले येथे दुपारी लवकर उतरा. ती विमाने फक्त उजेडात उडतात. संध्याकाळी उतरलात तर एक रात्र मालेत, स्वखर्चाने.

सेशेल्स: व्हिसा नाही, पण निघण्याआधी शुल्क भरून ऑनलाइन प्रवास परवानगी घ्यावी लागते. ती नसेल तर विमानात घेत नाहीत. अडचण राहण्याच्या पुराव्याची. प्रत्येक रात्रीचे बुकिंग लागते. माहे बेटावर चार रात्री आणि ‘पुढे प्रालँ बेटाला बघू’ हे उत्तर चालत नाही. आपल्याला बघू म्हणायची सवय असते, तीच नडते.

मॉरिशस: पर्यटनासाठी आधी व्हिसा नको, निघण्याआधी डिजिटल फॉर्म भरायचा. यांतले सगळ्यात सोपे.

बाली: आगमन व्हिसा ५ लाख रुपया (त्यांचा रुपया, घाबरू नका), ३० दिवसांचा, एकदा वाढवता येतो. ऑनलाइन आधी घेतलात तर मिळाल्यापासून ९० दिवसांत देशात पाऊल टाकावे लागते, त्यामुळे सहा महिने आधी घेण्यात शहाणपण नाही. बालीची दीड लाखांची (तोही त्यांचाच रुपया) पर्यटन पट्टी वेगळी, १४ फेब्रुवारी २०२४ पासून. आगमनाचा ऑनलाइन फॉर्म उतरण्याआधीच्या तीन दिवसांत. आणि मांडीवरच्या बाळालाही व्हिसा लागतो. विमानाच्या तिकिटात सवलत मिळाली म्हणून सगळीकडे मिळेल असे धरू नका.

वाटेतला देश

लांबच्या बेटांना निघालेल्यांनी हे दोनदा वाचावे. फिजी भारतीयांना आधी व्हिसा मागत नाही. पण स्वस्त तिकीट सिडनीमार्गे निघाले तर भारतीय पासपोर्टला ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. बार्बाडोस, जमैकाही व्हिसाशिवाय. तिथे जायचे कसे, तर लंडन किंवा अमेरिकेतून. अमेरिकेत विमान नुसते बदलायलाही व्हिसा हवा, लंडनलाही भारतीय पासपोर्टला ट्रान्झिट व्हिसा लागतो. बोरा बोरा ही फ्रान्सची मालमत्ता, पण युरोपचा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही. तिकीट शोधणाऱ्या साइटला तुमचा पासपोर्ट कुठल्या देशाचा हे माहीत नसते, ती फक्त भाडे दाखवते. पैसे भरण्याआधी वाटेतल्या प्रत्येक थांब्याचे नाव कागदावर लिहा आणि त्या त्या देशाच्या सरकारी साइटवर जाऊन बघा.

मुले आजीसोबत जाणार असतील तर दोन्ही पालकांचे नोटरी केलेले संमतीपत्र आणि मुलांचे जन्मदाखले सोबत द्या. कुणी विचारेलच असे नाही, पण विचारले तर तेव्हा नोटरी कुठून आणणार?

पैसे

परदेशी टूर पॅकेजवर एजंट टीसीएस (बुकिंगच्या वेळीच वसूल होणारा आयकर) घेतो. हा जास्तीचा कर नाही, तुमच्या पॅनवर जमा होणारी आगाऊ रक्कम आहे. दर बुकिंगच्या दिवशी विचारा, अर्थसंकल्पात तो बदलतो. बुकिंगसाठी पॅन मात्र विवरणपत्र भरणाऱ्याचाच द्या. बायकोच्या नावाने बुक करून तिचा पॅन दिला आणि ती रिटर्न भरत नसेल, तर ते पैसे सरकारकडे निवांत पडून राहतात. डॉलरच्या नोटा दर माणशी ३,००० पर्यंत नेता येतात, बाकीचे कार्डावर.

बॅग

मालदीवला काजूफेणीची बाटली, डुकराच्या मांसाचे चोरीस आणि पूजेची मूर्ती नेता येत नाही. प्रवासाला निघताना आईने पर्समध्ये घातलेला छोटा गणपतीसुद्धा. तो घरी देव्हाऱ्यात ठेवून जा. मॉरिशसला ई-सिगारेट नको.

शेवटचे, फक्त गोवेकरांसाठी. आपल्याकडे विमानतळ दोन आहेत, दाबोळी आणि मोपा. तिकिटावर नुसते ‘गोवा’ बघून माणसे चुकीच्या टोकाला पोचतात. जाताना मोपा आणि येताना दाबोळी असे तिकीट सहज निघते, कारण ते शंभर-दोनशे रुपये स्वस्त असते. मग सात दिवसांनी पहाटे दोन झोपाळलेली मुले, चार बॅगा आणि दाबोळीचा टॅक्सी स्टँड. गाडी पेडण्यात, मोप्याच्या पार्किंगमध्ये, आणि तिचे मीटर चालूच.