आल्प्समध्ये मुलाबाळांसह डोंगरभटकंती: मराठवाड्यातून शेंगेन व्हिसाचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

बहुतेक जण आधी विमानाचं तिकीट बघतात. मी म्हणेन, आधी शाळेचं आणि शेताचं कॅलेंडर बघा. आल्प्समध्ये उंचावर चालायचं, डोंगरावरच्या हटमध्ये (चालणाऱ्यांसाठीच्या मुक्कामघरात) मुक्काम करायचा, तर हंगाम साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंतच असतो. मे महिन्यात वरच्या वाटांवर अजून बर्फ असतो आणि बरेच रोपवे देखभालीसाठी बंद असतात. दिवाळीच्या सुटीत जावं तर हटना कुलूप लागलेलं असतं. आपल्याकडे मात्र जूनच्या मध्याला शाळा उघडतात, आणि घरी शेती असेल तर मृगाच्या तोंडावर घर सोडून जाणं शक्य नसतं.

मग उरतात दोन वेळा. एक, घरी शेती नसेल तर जूनचा पहिला पंधरवडा: खालच्या दरीतल्या गावात तळ ठोकायचा, सायकल चालवायची, तळ्याकाठच्या वाटा चालायच्या. दुसरी, ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य, सोयाबीन काढणीला यायच्या आधी. मुलांची आठ-दहा दिवस शाळा बुडेल आणि महालक्ष्म्या कधी बसतात तेही पाहावं लागेल, पण डोंगर खरा भेटतो तो याच दिवसांत. लातुरात नातेवाइकांचे आणि शेजाऱ्यांचे अर्ज भरताना मी हीच वेळ सुचवतो.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा

ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, इटली, फ्रान्स, जर्मनी, स्लोव्हेनिया, लिश्टेनस्टाइन हे आल्प्सचे देश शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात येतात. या क्षेत्रात आज २९ देश आहेत. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे एकाच व्हिसावर सगळीकडे फिरता येतं. पर्यटनाच्या या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं.

अर्ज कुठे करायचा हे कोणत्या देशात किती रात्री मुक्काम आहे ते मोजून ठरतं. समजा, झ्युरिकला उतरलात, तिथे दोन रात्री, मग ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकजवळ सहा आणि शेवटी इटलीतल्या डोलोमाइट्समध्ये तीन. अर्ज ऑस्ट्रियाकडे जाईल, कारण सर्वांत जास्त रात्री तिथे आहेत. विमान कुठे उतरतं याला इथे महत्त्व नाही. रात्री सारख्याच असतील तरच पहिल्यांदा ज्या देशात प्रवेश कराल त्याच्याकडे अर्ज करायचा. अर्ज द्यायची अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज करायचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नका. हॉटेलची बुकिंगं समोर ठेवली की ती विसंगती पहिल्याच नजरेत दिसते.

प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी १५ दिवस आधी अर्ज करावा लागतो. निर्णयाला नियमाने १५ दिवस लागतात, जास्त तपासणी असेल तर ४५ दिवसांपर्यंत. सप्टेंबरला जायचं असेल तर मार्चपासून अर्ज करता येतो. एप्रिल ते जून अपॉइंटमेंटची गर्दी असते. पासपोर्ट निर्णय होईपर्यंत दूतावासाकडे राहतो, हेही ध्यानात असू द्या.

पासपोर्ट आणि नावांचा गुंता

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. पंधराच्या आतल्या मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच मिळतो, त्यामुळे आईवडिलांचा चालू असतो आणि मुलाचा संपलेला, असं अनेक घरांत निघतं. नवा काढायचा तर ३६ पानांच्या पासपोर्टची फी मोठ्यांना १,५०० रुपये, मुलांना १,००० रुपये. मुलांच्या अर्जाला आईवडील दोघांच्या संमतीचं परिशिष्ट ‘ड’ जोडावं लागतं.

सर्वांत जास्त वेळ खातात त्या नावातल्या तफावती. दहावीच्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. अर्जात, तिकिटात, विम्यात, हॉटेलच्या बुकिंगमध्ये नाव अक्षर न् अक्षर पासपोर्टप्रमाणेच लिहा. बँकेत वेगळं असेल तर आधी बँकेत केवायसी करून ते सुधारून घ्या. एका फेरीत होणारं काम आहे.

मराठवाड्याची म्हणून एक खास अडचण आहे. पासपोर्टवर जन्मस्थान औरंगाबाद किंवा उस्मानाबाद छापलेलं असतं आणि २०२३ नंतरच्या कागदांवर छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव येतं. अर्जाच्या जन्मस्थानाच्या रकान्यात पासपोर्टवर आहे तेच लिहा आणि कव्हर लेटरमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या पत्रात, एक ओळ घाला: या शहराचं नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे बदललं आहे, दोन्ही नावं एकाच ठिकाणाची आहेत. परदेशी अधिकाऱ्याला हे माहीत असेलच असं धरून चालू नये.

मुलांचा जन्मदाखलाही आताच काढून बघा. आमच्या पहिल्या अर्जाच्या वेळी धाकट्याचा दाखला उघडला, तर आईवडिलांची नावं होती, तारीख होती, शिक्का होता, आणि बाळाच्या नावाच्या जागी आडवी रेघ. बारशाआधी नोंद झाली की असं होतं. नाव चढवून नवा दाखला हातात येईपर्यंत तीन आठवडे गेले.

पैशाचा पुरावा

सगळ्यांना तीन गोष्टी लागतात: बँकेचं तीन ते सहा महिन्यांचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट (नक्की किती महिन्यांचं ते त्या देशाच्या चेकलिस्टमध्ये असतं), आयकर विवरणपत्रं आणि उत्पन्नाचा स्रोत. नोकरदारांना पगारपत्रकं आणि रजा मंजुरीचं पत्र. दुकानदारांना उद्यम किंवा जीएसटी नोंदणी. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना आणि इतर सरकारी कर्मचाऱ्यांना विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र. शिक्षकाचा प्रस्ताव गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून वर जातो आणि टेबलाटेबलावर वेळ घेतो, म्हणून व्हिसाच्या अपॉइंटमेंटआधी दोन महिने तरी तो टाका.

शेतकरी कुटुंबांविषयी मला थोडं जास्त सांगायचं आहे, कारण ‘आपल्याला कोण व्हिसा देणार’ असं म्हणून ती आधीच मागे हटतात. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून अनेकांकडे विवरणपत्र नसतं. तसं असेल तर ते स्पष्ट लिहावं आणि जमिनीचा सातबारा, आठ-अ, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला इंग्रजी भाषांतरासह जोडावा. खात्याचं चित्रही आपलं वेगळं असतं. पगारदाराच्या खात्यात दर महिन्याला रक्कम येते, आपल्याकडे वर्षभर शांतता आणि मग दिवाळीच्या आसपास एकदम साडेतीन-चार लाख. पाहणाऱ्याला वाटतं, व्हिसासाठी कुणाकडून तरी आणून भरलेत. माझ्या चुलतभावाच्या अर्जात आम्ही काय केलं ते सांगतो. स्टेटमेंटमधल्या त्या नोंदीपुढे पेन्सिलीने १ लिहिलं, अडत्याच्या हिशोबपट्टीवरही १ लिहिलं. पट्टीवर कट्टे, वजन, भाव, हमाली-तोलाई वजा जाता निव्वळ रक्कम, आणि तीच रक्कम रुपयापर्यंत खात्यात. ऊसबिलाला २, दूध संघाच्या बिलांना ३. कुटुंबाला व्हिसा मिळाला.

किती शिल्लक हवी याचा देशागणिक वेगळा अंदाज असतो. स्वित्झर्लंड माणशी रोज साधारण १०० स्विस फ्रँक धरतं. अर्जाच्या आदल्या आठवड्यात मोठी रक्कम मात्र भरू नका.

रोजचा आराखडा आणि विमा

चालण्याच्या सहलीत इथे चूक होते. शहरी सहलीत एका हॉटेलात पाच रात्री दाखवल्या की झालं. हट ते हट चालायचं असेल तर प्रत्येक रात्रीचा मुक्काम वेगळा, आणि प्रत्येकाची बुकिंगची प्रिंट हवी. एक रात्र जरी कोरी राहिली तरी प्रश्न येतो. मुलं दहा वर्षांच्या आतली असतील तर दरीत एकच घर भाड्याने घ्या आणि तिथून रोज चालायला जा. मुलं थकत नाहीत आणि कागदही सुटसुटीत राहतात.

आराखड्यात वाटांची नावं लिहा, पण झेपतील अशाच. स्वित्झर्लंडमध्ये पिवळ्या पाट्या म्हणजे सोप्या वाटा, पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी वाट, जिथे पाय घट्ट रोवून चालावं लागतं, आणि पांढरा-निळा-पांढरा म्हणजे दोर-बर्फाची तयारी असलेल्यांसाठी. मुलांसोबत पिवळ्यावर राहा, फार तर लाल पट्ट्याची एखादी छोटी वाट घ्या.

व्हिसासाठी प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रात चालणारा लागतो. त्यात तातडीचे उपचार, रुग्णालय आणि रुग्णाला किंवा मृतदेहाला मायदेशी आणण्याचा खर्च यायला हवा. एवढ्यावर व्हिसा मिळतो, पण डोंगरासाठी एवढं पुरत नाही. पॉलिसीतलं वगळलेल्या गोष्टींचं पान स्वतः वाचा. ट्रेकिंगला उंचीची मर्यादा घातली आहे का, हेलिकॉप्टरने सुटका केली तर खर्च कोण देणार, हे विमा प्रतिनिधीकडून लेखी घ्या. घोटा मुरगळून पोर दरीत अडकलं तर हेच पान कामाला येतं. युरोपभर आपत्कालीन क्रमांक ११२ आहे, ऑस्ट्रियात डोंगरी सुटकेसाठी १४० आणि स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टर बचावासाठी १४१४.

विमानाचं पक्कं तिकीट व्हिसाआधी काढू नका, आरक्षणाची प्रिंट पुरते. हॉटेलंही मोफत रद्द करता येतील अशीच घ्या.

मुलांचे कागद, फी आणि पुण्याची फेरी

मुलाचा अर्ज वेगळा भरायचा, त्यावर आईवडिलांच्या सह्या. जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड आणि रजेचं पत्र जोडायचं. एकच पालक सोबत जाणार असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र लागतं.

व्हिसा फी १२ वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना ९० युरो, ६ वर्षं पूर्ण ते १२ च्या आतल्यांना ४५ युरो आणि ६ च्या आतल्यांना माफ. म्हणजे आईवडील, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा मिळून २२५ युरो, अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवा आकार वेगळा. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही.

ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडचे अर्ज दूतावासांच्या वतीने व्हीएफएस ग्लोबल या खासगी कंपनीच्या केंद्रांत घेतले जातात. मुंबईत केंद्र आहे, बऱ्याच देशांसाठी पुण्यातही आहे. १२ वर्षांवरील प्रत्येकाला बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, आजीलाही. गेल्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी ठसे दिले असतील तर ते पुन्हा वापरता येतात. फेरीच्या पंधरा दिवस आधीपासून बोटांना मेंदी लावू नका, ठसे उमटत नाहीत. रानात काम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यांनी आठवडाभर रात्री खोबरेल तेल चोळावं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जाणार असाल तर अपॉइंटमेंट अकराच्या पुढची घ्या, गाडी उशिरा पोचली तरी धावपळ होत नाही. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, फिक्या पार्श्वभूमीवरचा आणि सहा महिन्यांच्या आतला लागतो. स्टुडिओत निळा पडदा लावण्याआधीच सांगा.

नकार आला तर छापील फॉर्मवर कारण खूण करून मिळतं. बहुतेकदा ‘प्रवासाचा हेतू स्पष्ट नाही’ किंवा ‘साधनं पुरेशी नाहीत’ असं असतं. अपील करता येतं, किंवा तो दोष दुरुस्त करून नव्याने अर्ज करता येतो. आधीचा नकार पुढच्या अर्जात लपवू नका.

पासपोर्ट परत आला की केंद्राच्या दारातच स्टिकर वाचा: नाव, पासपोर्ट क्रमांक, तारखा, मुक्कामाचे दिवस, किती वेळा प्रवेश. चूक असेल तर तिथल्या तिथे सांगा. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर शिक्क्याऐवजी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. त्यात चेहऱ्याचा फोटो आणि १२ वर्षांवरच्यांचे ठसे घेतात, म्हणून उतरल्यावर पुढच्या रेल्वेला दोन तास तरी मोकळे ठेवा. बुकिंग, विमा आणि परतीच्या तिकिटाच्या प्रती सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा, सीमेवरचा अधिकारी त्या पुन्हा मागू शकतो.