वंश (फॅन्टसी रोलप्लेइंग गेममधील)

फॅन्टसी रोलप्लेइंग गेममध्ये, म्हणजे कल्पित जगातले एखादे पात्र होऊन खेळायच्या खेळात, खेळाडू आपले पात्र ज्या कुळात जन्माला घालतो, त्याला खेळाडूंच्या बोलीत ‘रेस’ म्हणतात. एल्फ (माणसासारखे पण फार दीर्घायुषी लोक), ड्वार्फ (बुटके, दणकट लोक), ऑर्क (राक्षसी लढवय्ये), हाफलिंग (माणसाच्या निम्म्या उंचीचे लोक) ही त्यांतली नेहमीची नावे. त्यांची मुळे नॉर्स पुराणकथांत आणि त्या कथांवर पोसलेल्या जे. आर. आर. टॉल्कीनच्या कादंबऱ्यांत आहेत. मात्र कादंबरीत वंश हे प्राक्तन असते. खेळात तो कॅरेक्टर शीटवरचा (पात्राची माहिती लिहायच्या कागदावरचा) एक रकाना असतो आणि तो खेळाडू स्वतः भरतो. पुढचे बहुतेक फेरफार एवढ्या एका फरकातून निघाले.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये (१९७४) माणसाखेरीज एल्फ, ड्वार्फ किंवा हॉबिट होता येत असे. टॉल्कीनच्या हक्कधारकांनी हरकत घेतल्यावर हॉबिटचा ‘हाफलिंग’ झाला. गंमत अशी, की हाही शब्द टॉल्कीनच्या पुस्तकात आहेच. मात्र सगळी उसनवारी त्याच्याकडूनच होती असे नाही. टॉल्कीनचे ट्रोल (अवाढव्य राक्षस) उन्हात दगड होतात. खेळातला ट्रोल, ज्याच्या जखमा आपोआप भरून येतात, तो पोल अँडरसनच्या कादंबरीतून आला.

खरी पंचाईत एल्फची. टॉल्कीनचा एल्फ जग असेतो जगतो आणि त्याच्या साऱ्या व्यथेचे मूळ तेच आहे. असे पात्र माणसाच्या शेजारी, बरोबरीने खेळवायचे कसे? ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पहिल्या आवृत्तीने सरळ कुंपण घातले : एल्फला योद्धा म्हणून चौथ्या आणि जादूगार म्हणून आठव्या लेव्हलपुढे (अनुभवाने चढायच्या पायरीपुढे) जाता येत नसे, माणसाला अशी मर्यादा नव्हती. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने ही कुंपणे काढली. २०१४ च्या नियमांत एल्फ साडेसातशे वर्षांपर्यंत जगतो आणि शंभरीच्या आसपास सज्ञान होतो. तरीही खेळ सुरू होताना तो अठरा वर्षांच्या माणसाइतकाच पहिल्या लेव्हलचा नवशिका. मधल्या ऐंशी वर्षांत त्याने काय केले, हे विचारायचे नसते.

याच नियमांतली ‘ट्रान्स’ ही तरतूद पाहण्यासारखी आहे. टॉल्कीनचा एल्फ लेगोलस उघड्या डोळ्यांनी, चालता चालताही विसावा घेतो आणि त्याचे मन स्वप्नांच्या वाटांवर फिरते. खेळात याचे झाले चार तासांचे ध्यान, जे माणसाच्या आठ तासांच्या झोपेइतके भरते. कादंबरीतले गूढ इथे रात्रीच्या पहाऱ्याचा हिशेब बनले. जंगलात मुक्काम पडला, की पहारा कुणाचा हा प्रश्न बहुधा एल्फकडे बघूनच सुटतो.

ऑर्कचा प्रवास उलट्या दिशेने झाला. टॉल्कीनच्या कथेत तो काळ्या शक्तीचा शिपाई. त्याची उत्पत्ती नेमकी कशी मानावी, हे कोडे खुद्द लेखकाला अखेरपर्यंत समाधानकारक सुटले नाही. खेळाडूंना मात्र त्या बाजूलाही बसायचे होते. १९७८ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये हाफ-ऑर्क (अर्धा माणूस, अर्धा ऑर्क) निवडता येऊ लागला, १९९४ च्या ‘वॉरक्राफ्ट’ या संगणक-खेळामध्ये अख्खी ऑर्क फौज हाताशी आली, आणि त्या मालिकेच्या २००२ मधल्या तिसऱ्या भागात कैदेत वाढलेला ऑर्कांचा नेता थ्रॉल आपल्या लोकांना नव्या खंडात घेऊन जाताना दिसतो. शत्रूला घर आणि इतिहास मिळाला तो असा.

काही खेळांनी मुद्दामच साचा मोडला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्याच ‘डार्क सन’ या जगातले (१९९१) हाफलिंग नरभक्षक आहेत, तर ‘एल्डर स्क्रोल्स’ या संगणक-खेळांच्या मालिकेत ‘ड्वार्फ’ म्हणून ओळखले जाणारे लोक प्रत्यक्षात नाहीसे झालेले एल्फ निघतात.

वंशावर पात्राचे गुण (ताकद, बुद्धी वगैरेंचे आकडे) ठरवण्याविषयीची नाराजी वाढत गेली, तसे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे नियमही सैलावले. २०२० मध्ये वंशामुळे मिळणारे गुण हव्या त्या क्षमतेकडे वळवण्याची मुभा मिळाली आणि २०२४ च्या खेळाडू-पुस्तिकेत ‘रेस’च्या जागी ‘स्पीशीज’ हा शब्द आला. तिच्यातल्या दहा वंशांत ऑर्कला जागा मिळाली, पण हाफ-एल्फ (अर्धा माणूस, अर्धा एल्फ) स्वतंत्र वंश म्हणून उरला नाही. टॉल्कीनच्या एल्रॉन्ड आणि एल्रॉस या अर्ध-एल्फ भावांना मर्त्य व्हायचे की अमर, हे कायमचे निवडावे लागले होते. खेळातल्या हाफ-एल्फला ती निवड कधीच करावी लागली नाही; २०१४ च्या नियमांत त्याच्या वाट्याला दोन जादा कौशल्ये आली होती.