स्वच्छ व हरित विद्यालय मानांकन: जिल्हा परिषद शाळेने अर्ज कसा भरावा, कागद कोणते लागतील

“आपल्याकडं उन्हाळ्यात टँकर. आपल्याला कुठले पाच स्टार मिळायचे सर?”

या मानांकनाचा विषय निघाला की आपल्या भागातल्या मुख्याध्यापकांचं पहिलं वाक्य हेच असतं. हा समज काढून टाका. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. अशा प्रदेशातल्या शाळेला पाण्याचा हिशेब चांगलाच ठाऊक असतो, तो कागदावर आणायचा तेवढा राहून जातो.

केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने २९ जुलै २०२५ रोजी हे मानांकन सुरू केलं. आधीच्या स्वच्छ विद्यालय पुरस्काराचंच हे पुढचं रूप, त्यात पर्यावरणाचा भाग जोडलेला. विभाग सहा: पाणी, शौचालय, साबणाने हात धुणे, देखभाल-दुरुस्ती, सवयी आणि क्षमतावृद्धी, मिशन लाईफचे (पर्यावरणपूरक जीवनशैलीच्या केंद्राच्या मोहिमेचे) उपक्रम. प्रश्न ६०. शाळा स्वतःच स्वतःचं मूल्यमापन भरते, गुणांवरून एक ते पाच स्टार मिळतात. मग जिल्हा, राज्य अशी चाळणी होत राष्ट्रीय पातळीवर जास्तीत जास्त २०० शाळा निवडल्या जातात आणि त्यांना प्रत्येकी एक लाख रुपये मिळतात. सहापैकी पाण्याचा विभाग एकच आहे, हे आधी लक्षात घ्या.

पात्रतेत अडण्यासारखं काही नाही. युडायस (शाळांच्या माहितीची सरकारी नोंदणी) क्रमांक असलेली कुठलीही शाळा भाग घेऊ शकते, मग ती तांड्यावरची दोनशिक्षकी का असेना. मुदत प्रत्येक फेरीच्या परिपत्रकात असते. ग्रुपवर “उद्यापर्यंत भरा” असा निरोप येण्याची वाट बघू नका, कारण हा अर्ज एका रात्रीत नीट भरून होत नाही.

नोंदणीला ११ अंकी युडायस क्रमांक आणि ओटीपीसाठी मोबाईल लागतो. युडायसमध्ये मुख्याध्यापक म्हणून कुणाचं नाव आणि नंबर आहे ते आधी तपासा. बदली झालेल्या सरांचा नंबर तसाच राहिलेला असतो आणि ओटीपी दुसऱ्या तालुक्यात वाजतो. शौचालयांची आणि मुतारीच्या जागांची संख्या, पट, दिव्यांग मुलांसाठीचं शौचालय हे आकडे युडायसमध्ये भरले तेच इथेही भरा. दोन ठिकाणी दोन आकडे दिसले की पडताळणीत पहिलं बोट तिथेच ठेवलं जातं.

आता कागदपत्रं. सगळ्यात महत्त्वाचा कागद पाणी तपासणीचा अहवाल, आणि नेमका तोच बहुतेकांकडे नसतो. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला (गावच्या पाण्याची शुद्धता बघणाऱ्याला) गाठा, नमुना प्रयोगशाळेत पाठवायला सांगा, अहवालाची प्रत शाळेत ठेवा. शाळेच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडतं का, हे ओटी टेस्टने मुलांसमोरच बघता येतं. काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात ओटी द्रावणाचे थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. आमच्या सहावीतल्या पोरी दर सोमवारी हे करून वहीत तारखेनिशी लिहायच्या. पडताळणीला आलेल्या मॅडमनी बाकी फाईल चाळली, ती वही मात्र पानन्‌पान वाचली.

त्याशिवाय शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीचा ठराव, टाकी धुतल्याच्या तारखा, साबण-फिनेल खरेदीची बिलं, मुलांच्या स्वच्छता गटाची नोंद, परसबाग आणि वृक्षलागवडीचे फोटो. बिलांबद्दल एक सांगतो. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. ३१ ते १०० पटाच्या शाळेला हे अनुदान २५,००० रुपये आहे, म्हणजे २,५०० रुपये झाले. हा खर्च कॅशबुकात वेगळा दाखवला तर देखभालीच्या विभागात तोच पुरावा होतो.

फोटोंनी आम्हाला एकदा रडवलं. सहशिक्षकाने काढलेले फोटो मी व्हॉट्सॲपवरून मागवून घेतले आणि चढवले. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतली ठिकाणाची माहिती निघून जाते, हे कुणालाच माहीत नव्हतं. सगळे पुन्हा काढावे लागले, तेही शेवटच्या दिवशी, रेंज नसताना. म्हणून ज्या फोनवरून अर्ज भरणार त्याच फोनने, लोकेशन चालू ठेवून फोटो काढा. हात धुण्याच्या जागेचा फोटो जेवणाच्या सुट्टीत काढा: नळ चालू, पोरांच्या हाताला फेस, आणि कांद्याच्या जाळीच्या तुकड्यात बांधून नळाला लटकवलेला साबण. तशी जाळी बांधली की साबण पळतही नाही आणि वाहूनही जात नाही.

माझा सगळ्यात जास्त आग्रह पुढच्या गोष्टीचा आहे. पावसाळ्यात हापशाला पाणी असतं, टाकी भरलेली असते, आणि हात आपसूक “वर्षभर पाणी उपलब्ध” वर जातो. तसं करू नका. एप्रिल-मे डोळ्यांपुढे आणून उत्तर द्या. टँकर येत असेल तर तसंच भरा आणि त्या महिन्यांत शाळा काय करते ते नोंदीत दाखवा: हात धुतलेलं पाणी झाडांना जातं का, छताचं पावसाचं पाणी साठवता का, पिण्याचं आणि वापरायचं पाणी वेगळं ठेवता का. या गोष्टी आपल्या शाळा वर्षानुवर्षं करत आल्यात, फक्त त्यांना कुणी उपक्रम म्हटलं नाही. खोटं भरून मिळालेला स्टार पडताळणीत जातोच, पण त्यापेक्षा वाईट म्हणजे कागदावर पाणी दिसल्यावर खऱ्या पाण्याची मागणी करायला तोंड उरत नाही.

अर्ज सादर झाला की त्याची प्रिंट काढून या सगळ्या कागदांच्या फाईलला लावा. फाईल ज्या कपाटात ठेवाल त्याची एक किल्ली सहशिक्षकाकडेही असू द्या. पडताळणीची माणसं येतात तेव्हा मुख्याध्यापक तालुक्याला मीटिंगला गेलेले असतात.